दुसऱ्याच्या हातचा लेप

हुपरी,
ता. ९ ऑगस्ट १९९८

चि. अक्षतास, अण्णाचा सप्रेम जयभीम वि. वि.

तुझं पत्र मंगळवारी पोचलं. उत्तराला उशीर झाला, कारण ओसरी रिकामी होत नाही. पैंजणाला घुंगरं जोडणाऱ्या बाया मान धरून येतात, भट्टीवरचे खोकत येतात. मी पहिल्यापासून जे पाच प्रश्न विचारतो तेच विचारतो. झोप कशी, भूक कशी, काम कसलं, अबोला कुणाशी, आणि दुखणं सुरू व्हायच्या आधी घरात काय झालं. आधी माणूस, मग दुखणं, मग पाला. पण हल्ली लोकांना घाई. एक बाई तर म्हणाली की अण्णा, तुमी पाला तेवढा द्या, चौकशी नगं, बस चुकंल. मी म्हटलं की बाई, औषध पावशेर, पथ्य शेरभर. शेरभर घरी ठेवून पावशेर नेऊन काय करशील? ती पाला घेऊन गेली. बसही मिळाली तिला.

खरं सांगायचं तर कंटाळा आलाय. दिवसभर दुसऱ्याचं दुखणं ऐकून संध्याकाळी कान जड होतात. तुझी आई असताना ती मधेच उठून सांगायची की आता पुरे, माणसं उद्या पण आजारीच असणार हायत. तसं सांगणारं कुणी नाही.

बाकी ठीक. उजव्या पायाला चप्पल चावली आहे, एवढंच. तू नर्स आहेस म्हणून लगेच डोळे वटारू नकोस.

माया आहेच, वेळेवर जेवून तब्येत सांभाळ.

तुझा,
अण्णा

---

पुणे,
ता. १७ ऑगस्ट १९९८

ती. अण्णा यांस, अक्षताचा सविनय जयभीम वि. वि.

पत्र वाचून हसू आलं आणि मग आलं नाही. चप्पल चावली असेल तर जखम आठ दिवसांत बरी व्हायला हवी. जखम किती मोठी, पाणी येतं का, साखर तपासली का, हे सगळं लिहा. आजीला साखर होती, हे विसरू नका.

इकडे वॉर्ड भरलेला. चारजणींचं काम दोघींवर आलंय. डोकं दुखतं, पण ते आता रोजचंच. परवा एका पेशंटला मी तुमच्यासारखं विचारलं की अबोला कुणाशी आहे, तर तो रडायलाच लागला. सिस्टर ओरडल्या की तुला सलाइन लावायला पाठवलं होतं. तुमचा वारसा मला महागात पडणार.

दगडी पाल्याचा लेप तुम्ही गावभर देता. स्वतःला लावलात का?

आशीर्वाद असू द्या, आणि पायात चप्पल घालू नका.

तुमची,
अक्षता

---

हुपरी,
ता. २७ ऑगस्ट १९९८

चि. अक्षतास, सप्रेम जयभीम.

थोडक्यात लिहितो, टेकून बसलोय. लेप लावला नाही. तुला ठाऊक आहे, बाळाबाई आत्यानं विद्या देताना एकच अट घातली होती. आपल्या हातचं औषध आपल्या अंगाला लावायचं नाही. देणाऱ्याचा हात वेगळा, घेणाऱ्याचं अंग वेगळं. तीस वर्षं माझं जे काही दुखलं-खुपलं, ते तुझ्या आईनं वाटून लावलं. मी पाला खुडून ठेवायचो आणि ती मला मुद्दाम विचारायची की पावणं, झोप कशी हाय?

आता कुणाला सांगू? लोकांना वाटेल, वैदूच आजारी, मग याचं औषध कशाला घ्या.

बरं होईल. तुझं डोकं सांभाळ.

अण्णा

---

हुपरी,
ता. ३ सप्टेंबर १९९८

अक्षताताईस, शेजारचा गुंडू याचा नमस्कार.

तुमी मला वळखता, आमची चांदीची भट्टी अण्णांच्या घराला लागून हाय. अण्णांनी कळवू नको म्हणून सांगितलंय, तरी कळवतोय. चप्पल चावल्याचं खोटं हाय. जुलैत माझ्याकडं आलते तवा निखाऱ्यावर पाय पडला. त्यास्नी चटकाच कळला न्हाय. वास आला तवा मीच वरडलो. आता बोटाच्या कडा काळ्या पडाय लागल्यात. मी दवाखान्याचं नाव काढलं तर म्हणाले की तुझी भट्टी बघ की. माझा हात भाजलावता तवा ह्याच माणसानं मला मानगूट धरून कोल्हापूरला नेलतं.

राग मानू नये.

गुंडू

---

पुणे,
ता. ७ सप्टेंबर १९९८

ती. अण्णा यांस, जयभीम.

गुंडूभाऊंच्या फोनवर दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तुम्ही पाला खुडायला गेला होता म्हणे. काळ्या पडलेल्या पायानं? आकाराममामा पुण्याच्या एस.टी.वर ड्रायव्हर आहे, त्याच्या हाती हे पत्र देते. तो उभा राहून उत्तर घेईल. आईचा भाऊ आहे, तुम्ही त्याला हाकलणार नाही.

चटका कळला नाही याचा अर्थ मला कळतो आणि तुम्हालाही. जखमेची कड काळी पडली की माझं काम संपलं, पुढं डॉक्टर, हा नियम तुमचा. गावातल्या कितीजणांना तुम्ही त्या नियमानं वाचवलंत. मग हा नियम ओसरीच्या आत का येत नाही?

आता तुमचेच प्रश्न तुम्हाला विचारते. झोप कशी? भूक कशी? काम कसलं ते माहीत आहे. अबोला कुणाशी? आणि हे सुरू व्हायच्या आधी घरात काय झालं? पाचही उत्तरं खरी हवीत. पेशंटनं खोटं सांगितलं तर औषध लागत नाही, हेही तुमचंच.

अक्षता

---

हुपरी,
ता. ८ सप्टेंबर १९९८

चि. अक्षतास,

तुझा मामा दारात उभा आहे आणि चहासुद्धा घेत नाही.

झोप नाही. भूक लागली की उभ्यानं काहीतरी खातो. तुझी आई गेल्यापासून तीन वर्षांत ताट वाढून बसलो नाही. अबोला माझ्या हातांशी आहे.

पाचवं उत्तर आजवर कुणाला दिलं नाही. तुझी आई गेली त्या सकाळी ती म्हणाली की छातीत जळजळतंय. मी पित्त समजलो. ओसरीत माणसं होती. तिला एकही प्रश्न विचारला नाही. साऱ्या गावाला पाच विचारतो, तिला एकही नाही. बडीशेप आणि आवळ्याचं चूर्ण पाण्यातून दिलं आणि बाहेर येऊन बसलो. अर्ध्या तासानं आत गेलो तेव्हा पेला रिकामा होता. मी सांगितल्याप्रमाणे तिनं सगळं घेतलं होतं.

आत्याची अट खरी आहे, पण मी तिच्याआड लपलो. पाय काळा पडताना बघितला आणि वाटलं, पडू दे. लोकांना औषध देतो, कारण ते मागतात. मागायचे थांबले तर बरं होईल असं रोज वाटतं.

दमलो आहे, पोरी.

अण्णा

---

पुणे,
ता. ९ सप्टेंबर १९९८

ती. अण्णा यांस, जयभीम वि. वि.

हे पत्र टपालात टाकणार नाही. मामाच्याच गाडीनं निघते आहे आणि सोबत आणते आहे. जे लिहिलंय ते तोंडानं सांगता येणार नाही. तुमच्या हातात देईन आणि चुलीपाशी जाऊन बसेन.

आई गेली त्याच्या दोन आठवडे आधी तिचं मला आंतरदेशीय पत्र आलं होतं. जिना चढताना छाती भरून येते, डावा हात जड होतो, अण्णांना सांगू नको, त्यांच्या मागं माणसं लई हायत. मी नर्स. ते वाचून मला कळायला हवं होतं. कळलंही. पण तेव्हा रजा मिळत नव्हती आणि मी लिहिलं की धम्मचक्र दिनाला येतेच आहे, तेव्हा दाखवू. ते पत्र माझ्या ट्रंकेत आहे. तीन वर्षांत तुम्हाला दाखवलं नाही. तुम्ही एका सकाळी चुकलात. माझ्याकडे चौदा दिवस होते.

तिनं तुमच्यापासून लपवलं, मी तुमच्यापासून लपवलं, तुम्ही माझ्यापासून लपवलंत. घरात औषध देणारी दोन माणसं, आणि घरच्यांना विचारणारी एकटी आईच होती.

वाचून झालं असेल तर उठा. गुंडूभाऊंनी कोल्हापूरच्या दवाखान्यात जायला जीप सांगितली आहे.

अक्षता

---

कोल्हापूर, दवाखाना,
ता. ४ ऑक्टोबर १९९८

चि. अक्षतास, अण्णाचा सप्रेम जयभीम वि. वि.

दोन बोटं गेली, पाय राहिला. परवा घरी सोडणार. साखर उतरते आहे. डॉक्टर पोरसवदा आहे, पण पट्टी बदलताना चांगला बोलतो. शेजारच्या खाटेवर जयसिंगपूरचा एक व्यापारी आहे. मी त्याला विचारलं की अबोला कुणाशी, तर म्हणतो, बायकोशी, अकरा वर्षं. काल ती डबा घेऊन आली. अजून बोलत नाहीत, पण चटणी कमी तिखट होती म्हणे.

ओसरी बंदच आहे. गुंडूनं दारावर लिहून लावलंय की वैदू आजारी हाय, दवाखान्यात जावा. वाचून चार बाया खरंच गेल्या. बरं वाटलं.

आईच्या पत्राबद्दल अजून काही म्हणता येत नाही. रोज थोडं थोडं मनात घेतो. तुझ्यावर राग धरून बघितला, धरवला नाही.

एक गोष्ट राहिली. तू इथं खुर्चीत बसायचीस तेव्हा डावा हात कपाळावर दाबून धरायचीस. माझी बोटं कापायच्या गडबडीत मी बघून न बघितल्यासारखं केलं. पुन्हा तीच चूक. ऑगस्टच्या पत्रात तू एका ओळीत लिहिलं होतंस की डोकं रोजच दुखतं. आत्याची अट तुलाही लागू आहे. तुझ्या हातचं औषध तुला लागणार नाही.

म्हणून रजा घेऊन घरी ये. पाला मी खुडून ठेवतो, माझा लेप तू वाट, तुझा मी वाटतो. त्याआधी उलट टपाली कळव. झोप कशी?

वाट बघतो, ताट वाढून.

तुझा,
अण्णा