दोन सुयांचा टाका

कानपूर, श्रावण वद्य द्वितीया

प्रिय ताई,

पुन्हा तेच लिहिलंस ना! चलाख म्हणजे हुशारच, बापू चांगलंच बोलले होते, तूच वाकडा अर्थ घेतलास. तीन वर्षं झाली, दर पत्रात हेच औषध पाजतेस. तू चौथीपर्यंत शाळेत गेलीस आणि मी दुसरीतूनच भिंतीवरून उडी मारून पळालो, हे कबूल. पण शब्द मलाही कळतात, बरं का. तेल मोजताना मापात अंगठा बुडवतो त्या दुकानदाराला देवासात सगळे चलाख म्हणतात, हुशार कोणी म्हणत नाही. आणि इकडे माझी समजूत घालतेस, तिकडे बापूंना मात्र भाकरी वाढताना तोंड फिरवतेस. मारुतीनं कुणाकडून तरी लिहवून मला कळवलंय. इतकी वर्षं आपल्या दुकानात चामडं कापतो तो, खोटं बोलायचा नाही. हे तोंड फिरवणं आधी बंद कर. का ते सांगतो, पण माझ्या चालीनं सांगू दे.

मी मजेत आहे. अंगावर मांस चढलंय. इथे खोगिरांच्या कारखान्यात तीनशे माणसं एका छपराखाली बसतात आणि दर माणसाचा शब्द निराळा. कोणी कारीगरी म्हणतो, कोणी हुनर, कोणी इल्म. आमचे उस्ताद उमाशंकर मिस्त्री, सत्तरीचे, कानानं जड आणि जिभेनं तिखट. पहिल्या महिन्यात माझा पट्टा बघून म्हणाले, “वाह बेटा, सफाई है हाथ में.” मी चार दिवस हवेत. पाचव्या दिवशी शेजारचा हसून म्हणाला, अरे भैया, असं ते सगळ्या नव्यांना म्हणतात. सफाई म्हणजे वरून दिसतं तेवढं. पुढचं आलं तर आलं, नाहीतर जन्मभर सफाईवाला राहतोस. झालं, हवा उतरली! आणखी एक सांगतो. इथे दोरा वळून मेण लावणारे वेगळे आहेत, त्यांना वेगळी मजुरी. तरी तू गुडघ्यावर वळतेस तसा दोरा इथे एकाला जमत नाही. घरात माझ्या हाताला, बापूंच्या हाताला, मारुतीच्या हाताला निरनिराळे शब्द होते. तुझ्या हाताला कोणी कधी काही म्हटलं का? मीही नाही. इथे येऊन सुचलं.

उस्तादांची तपासायची रीत अशी. डोळे मिटायचे, पट्टा उलटा करायचा आणि मागच्या बाजूवरून अंगठा फिरवायचा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी हातातली सुई खाली ठेवली. कारण अगदी तसाच बापूंचा अंगठा मी आपल्या दुकानात फिरताना बघितला होता.

तो दसरा आठव. बापू तापानं फणफणलेले आणि सरदार मानसिंगरावांचं खोगीर मिरवणुकीला हवं होतं. मी चार दिवसांत उभं केलं. तूच शेजारणींना बोलावून दाखवलंस. मिरवणुकीत तोफ उडाली, घोडा मागच्या दोन पायांवर उभा राहिला आणि एवढे आडवेतिडवे मानसिंगराव खोगिरावरून हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला शेला दिला, चारचौघांत म्हणाले, काय पोराचा हुन्नर! आणि बापू भिंतीला टेकून एवढंच बोलले, “हात चलाख आहे त्याचा.” मी शेला तिथेच टाकला, नाही नाही ते बोललो आणि आठवड्यात गाव सोडलं. तुला सांगितलं, बापूंना माझं बघवत नाही. तू ते खरं मानलंस.

आता जे सांगितलं नाही ते. तंगाचा पट्टा, म्हणजे घोड्याच्या पोटाखालून येतो आणि सगळा स्वार ज्याच्या भरवशावर बसतो तो, आपल्याकडे दोन सुयांनी शिवतात. एकाच भोकातून दोन्हीकडून दोरा जातो. एक तुटला तर दुसरा धरतो. वेळ दुप्पट लागतो. मी तो एका सुईनं शिवला होता. वरून दोन्ही सारखेच दिसतात, कोण उलटून बघतंय! दसऱ्याच्या सकाळी तू पाण्याला गेली होतीस. मी अंगणातून आत आलो तर बापू घोंगडी पांघरून बसलेले, गुडघ्यात माझा पट्टा, टाके उसवलेले, आणि तापातच दोन सुया चाललेल्या. त्यांनी मान वर केली. मी जोडा शोधल्यासारखं केलं आणि बाहेर गेलो. घोडा उभा राहिला तेव्हा धरून राहिला तो बापूंचा टाका, ताई. माझा असता तर मानसिंगराव टापांखाली गेले असते. शेल्याच्या वेळी बापू एका वाक्यात माझी अब्रू घालवू शकत होते. त्यांनी एकच शब्द काढला, तोही खरा. बाकी सगळं पोटात ठेवलं, तुझं फिरवलेलं तोंडसुद्धा.

मागच्या मंगळवारी उस्तादांनी माझा पट्टा उलटा केला, अंगठा शेवटपर्यंत नेला, परत आणला आणि विचारलं, “किससे सीखा?” मी म्हणालो, देवासचे खंडोजी जिनगर, माझे वडील. “सवा रुपया दिया था?” मी म्हटलं, घरच्या पोराला कसली दक्षिणा. तर म्हातारा म्हणतो, “तो सीखा नहीं, देखा है.” सगळे हसले, मीही हसलो. पण ते खरंच आहे. नालछ्याहून मारुती काम शिकायला आला तेव्हा नारळ आणि सव्वा रुपया बापूंपुढे ठेवून पाया पडला होता. मग बापूंनी दोन सुया त्याच्या तळहातावर ठेवल्या. माझ्या हातावर कोणी ठेवल्या नाहीत. मी खेळता खेळता उचलल्या, आणि उचललेली एक सुई कधीही खाली ठेवता येते असं मला वाटत राहिलं.

म्हणून हे पत्र. आधी तू एकटी वाच, मग बापूंना मोठ्यानं वाचून दाखव, तंगाचं तर दोनदा. नारळ टपालानं येत नाही, तो हाटातून माझ्या नावानं आण. दसऱ्याला पंधरा दिवसांची रजा मिळाली आहे. तेव्हा मी हात पुढे करीन. सुया ठेवायच्या की नाही ते बापूंनी ठरवावं, त्यांच्यावर जोर करू नकोस. दोरा मात्र तुझ्याच हातचा हवा. घरखर्चाचे सहा रुपये नेहमीसारखे निघाले आहेत, ते निराळे. ही दुसरी मनीऑर्डर बापूंच्या नावानं आहे, ती त्यांच्याच हातात पडू दे.

तुझाच, भिंतीवरून पळालेला,
रायाजी

बापूंच्या नावानं: सव्वा रुपया.