आबा, चार मिनिटांपूर्वी

१० फेब्रुवारी, मंगळवार. शिरूर.
सावडून आलो. एवढे उंचपुरे आबा, एका मडक्यात मावले. जन्मभर एसटीत कंडक्टर. तिथंही कधी सीट अडवून बसले नाहीत.

अस्थी घरात न्यायच्या नाहीत, झाडाला टांगायच्या, दहाव्याला घोडनदीत सोडायच्या. पण झाड? अंगणातला लिंब आबांनीच तोडला, पाला पडतो म्हणून. फरशा बसवल्या. अक्का म्हणाली, "तुझ्या गाडीला अडकव. ती काय घरात येत न्हाई." आबांना इतकी वर्षं तिनं सांभाळलं. मी तिचा धाकटा भाऊ, दौंडला राहून सल्ले देणारा. काय बोलणार? तांबड्या फडक्यात बांधलेलं मडकं पिशवीत घातलं, पिशवी मोटरसायकलच्या हुकाला.

११ फेब्रु.
आबांचा फोन सारखा वाजतो. "आबा हायेत का?" अक्कानं चारदा 'न्हाईत' सांगितलं. पाचव्यांदा वाजल्यावर फोन पूर्ण चार्ज केला आणि पिशवीत टाकला, मडक्याशेजारी. "त्यांचं त्यांनी उचलू दे."

पेपरच्या संपादकांचा मेसेज: रविवारच्या तुमच्या सदरासाठी काहीतरी हलकंफुलकं पाठवा.

१२ फेब्रु., गुरुवार.
दुपारी गाडी गेली. दारातून. किल्ली गाडीलाच होती. बाप गाडीवर असताना किल्ली कोण काढतं?

चौकीत हवालदारांनी शांतपणे लिहून घेतलं. मॉडेल, रंग, नंबर.
"गाडीवर आणखी काही सामान?"
"वडील."
पेन थांबलं. बिचाऱ्यांनी पाणी मागवलं.

मग आठवलं. फोन! आबा वर्षभर वाट चुकत होते म्हणून मीच त्यांच्या फोनवर ठिकाण कळायची सोय केली होती. दौंडला साखर कारखान्याच्या ऑफिसात बसून दिवसातून दोनदा बघायचो. 'आबा, घर.' 'आबा, स्टँड.' बघितलं की भेटल्यासारखं वाटायचं. ठिपका हलतोय म्हणजे बाप ठीक आहे. लेकाचं कर्तव्य, एका बोटात.

आज उघडलं. 'आबा, ४ मिनिटांपूर्वी, न्हावरे.'

हवालदार, अक्का, मी, तिघं एका फोनवर वाकलेलो. न्हावऱ्यात अकरा मिनिटं थांबले. मग चौफुला. पाटस. त्यांच्याच ड्युटीचा रस्ता. अक्का पुटपुटत होती, "पाटसला च्या पितील आता." खरंच थांबला ठिपका पाटसला. तिनं पदर तोंडाला लावला.

संध्याकाळी ६.२०. 'आबा, दौंड.'

गेल्या दिवाळीपासून म्हणत होते, "बाळू, एकदा तुझ्याकडं ने की रं." मी म्हणायचो, सीझन संपू दे, आबा. गाळप चालू आहे, रजा नाही. ऊस जणू मीच तोडत होतो.

१३ फेब्रु. दौंड.
पहिल्या गाडीनं आलो. शिरूरहून कळवलंय, इथले पोलीस गाडी शोधतायत. ठिपका बाजारपेठेत नुसता गोल. बॅटरी १९ टक्के.

फोन लावला. उचलला!
"बाळू दौंड का?" परका आवाज. आबांनी फोनमध्ये माझं नाव असं ठेवलंय. मुलगा नाही, लेक नाही. गावासकट, तिकिटावर असतं तसं.
म्हटलं, "गाडी ठेव बाबा. पिशवी तेवढी दे. मडकं आहे तिच्यात."
"हाय. काय हाय त्यात?"
"माझे वडील."
त्यानं फोन कापला.

१४ फेब्रु.
सकाळी आबांचा फोन आला. म्हणजे त्याचा. स्क्रीनवर 'आबा' उमटलं आणि मी सवयीनं कापणार होतो. ऑफिसात कापायचो तसा.
"सायेब, सोडलं वो पाण्यात. हात जोडून सोडलं. आमाला पाप नको."
"कुठं सोडलं?"
"भीमेला. पुलाखाली. फूल बी वाहिलं."
"खरं सांगतोस?"
"आता मेलेल्या मान्साचं खोटं कशाला बोलू?"
बॅटरी २ टक्के होती. मग काहीच नाही.

आयुष्यभर कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. आमदार, चेअरमन, डॉक्टर, सगळ्यांवर लिहिलं. आता चोराच्या शब्दावर बापाची गती.

पुलाखाली गेलो. काठाला तांबडी फडकी सात. आठवं चिखलात अर्धं. सगळी एकसारखी, एकाच दुकानातून घेतलेली असणार. एकेक उचलून बघितलं. काय बघत होतो कुणास ठाऊक.

१५ फेब्रु.
गाडी सापडली, स्टेशनबाहेर. आरसे आत वळवलेले, किल्ली लावलेली. हुक मोकळा. सगळे म्हणतात, नशीब गाडी मिळाली.

१७ फेब्रु., मंगळवार. शिरूर.
दहावा. घोडनदीवर माणसं बरीच. एक म्हातारे ड्रायव्हर येऊन रडले, "तुमचे आबा म्हंजी…"

अस्थी कुठं, कुणीच विचारलं नाही. अक्कानं फक्त घरी परतताना, "तू बघितलंस ना सोडताना?"
"बघितलं."
"कवा?"
"चौदाला. सकाळी."
तिनं माझ्याकडं पाहिलं. तिला माझं सगळं लिखाण पाठ आहे. मी खोटं कधी लिहितो ते तिला कळतं. पुढं चालू लागली.

रात्री जेवताना माझा फोन हातात घेतला तिनं. नकाशा उघडाच होता. 'आबा, ३ दिवसांपूर्वी, दौंड.' माझ्या घरापासून दोन किलोमीटर.
"काढून टाक रं आता ते."
"काढतो," म्हटलं. "सीझन संपू दे."