काठ आणि खापर

उधना, सुरत
१५ जून १९९७

ती. मंगलाआत्यास,
सोनालीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आम्ही तिघं ठीक आहोत, म्हणजे जेवढं ठीक असता येतं तेवढं. घामाने जीव नकोसा झालाय. नळाला पाणी सकाळी एकदाच येतं, तेही शेजारच्या सुंदराकाकूंशी भांडण झाल्यावर.

बाबांना कायमचं अमळनेरला पाठवा, असं तू पुन्हा लिहिलंस. रागावू नकोस आत्या, पण इतक्यात नाही गं. संक्रांतीला झटका येऊन उजवा हात लुळा पडला तेव्हापासून तुझा भाऊ बोलेनासाच झालाय. वीस वर्षं चौकटीच्या कागदावर साड्यांचे काठ काढलेला माणूस, आता दिवसभर त्या हाताकडे बघत बसतो. तिकडे तू ओट्यावर बसवलंस तरी दुसरं काय करणार? आमच्या शेठनी मात्र एक कबूल केलंय. बाबांचे सगळे काठ मी गेल्या तीन वर्षांत गिरणीच्या कॉम्प्युटरमध्ये भरलेत. ते पडद्यावर उघडत असतील, तर बाबांनी माझ्याशेजारी खुर्ची टाकून बसायचं, रंग सांगायचे, फेरफार सुचवायचे. डबा घेऊन रोज कामावर जायचं.

आणि नेमका तोच कॉम्प्युटर व्होल्टेजने जळाला! शेठनी नवा आणला, टेपवर नक्कलही आहे, पण काठ उघडणारा प्रोग्राम युनिक्स नावाच्या व्यवस्थेवरच चालतो आणि तिच्या फ्लॉप्यांना बुरशी लागलीय. विकणारी कंपनी केव्हाच गाशा गुंडाळून गेली. शेठ म्हणाले, श्रावण लागेपर्यंत बघ, मग दिवाळीचा माल सुरू होतो. नाही जमलं तर नवा डिझाइनवाला आणि नवे काठ. मग बाबांची खुर्ची राहिलीच कशाला?

तेव्हा देवापुढे माझ्या नावाने एक उदबत्ती जास्त लाव. लोभ आहे तो असू दे, पाठवा-पाठवा तेवढं थांबव.

तुझी,
सोनाली

अमळनेर
२४ जून १९९७

चि. सोनालीस
मंगलाआत्याचे अनेक आशीर्वाद.

उदबत्ती लावली. हनुमानाला नारळही बोलले आहे, पण मला विचारशील तर हनुमानालाही तुझ्या पत्रातलं निम्मं कळलं नसेल. शाळेत तीस वर्षं पोरांना शिकवलं, पण अशी अवघड भाषा कधी वापरली नाही. जुना कॉम्प्युटर जळाला, नवा आणला, मग अडलं कुठे? नव्या शेगडीवर जुनी भाजी शिजत नाही का? नीट समजावून लिही.

पश्चिमेच्या खिडकीपाशी लोटूसाठी, तुझ्या बाबासाठी, खाट टाकून ठेवली आहे. नवी गोधडी शिवली. माझी शोभा नागपूरला सासरी गेल्यापासून त्या खोलीत फक्त उंदीर नांदतात. माझा भाऊ लहानपणी जत्रेतल्या बाहुल्यांच्या लुगड्यांनासुद्धा काठ काढायचा. त्याने त्या यंत्रांच्या खडखडाटात खुर्ची धरून बसावं, हे मला पटत नाही. यंदा श्रावणात कानबाईच्या सणाला त्याला घेऊनच या आणि इथेच ठेवून जा.

तुझ्या आईला म्हणावं, फॉल-बिडिंग करताना डोळे सांभाळ. तुम्हा सगळ्यांवर माया आहे म्हणूनच बोलते.

तुझी आत्या,
मंगला

उधना
९ जुलै १९९७

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

शेगडीचं वाचून आई पोट धरून हसली. ऐक आता, गुरुजींच्या थाटात सांगते. कॉम्प्युटरच्या प्रत्येक व्यवस्थेच्या पोटात कर्नल असतो, म्हणजे घरचा कारभारी. प्रोग्रामला पडदा हवा, जागा हवी, छापायला कागद हवा, की त्याच्याकडेच मागायचं. पण प्रत्येक घरची मागायची रीत वेगळी. मासिकाबरोबर फुकट मिळालेल्या सीडीवरून मी नव्या कॉम्प्युटरवर लिनक्स घातलं. त्याचा कारभारी युनिक्सवाल्याचा चुलतभाऊ शोभेल, पण रीत सगळी तीच नाही. त्याच सीडीवर एक जोड मिळते, ती कर्नलमध्ये दुभाष्यासारखी बसते. सुंदराकाकूंना गुजराती येत नाही म्हणून त्या भाजीवालीकडे मला नेतात ना, तसं. प्रोग्राम आपल्या रीतीने मागतो, दुभाष्या ते नव्या कारभाऱ्याला सांगतो, आणि प्रोग्रामला वाटतं आपण आपल्याच घरी आहोत.

वाटायला हवं, असं म्हण. कारण टेपवरून काठ उतरवले, प्रोग्राम उतरवला, दुभाष्या बसवला, आणि प्रोग्राम सुरू केला की एक शब्द लिहून जागच्या जागी मरतो. का मेला, कशाने मेला, काही सांगत नाही. मी चुलतभावाला शिव्या घातल्या, दुभाष्या बदलून पाहिला, दोन आठवडे झाले, ये रे माझ्या मागल्या.

काल बाबांना मुद्दाम गिरणीत नेलं होतं. नेमका तेव्हाही मेला. बाबा उठून दाराकडे चालायला लागले. शेठनी नव्या डिझाइनवाल्याला फोन लावला, मला ऐकू जाईल असा. आत्या, मी हरले गं. कानबाईला आणते त्यांना. खाट राहू दे खिडकीपाशी.

तुझी,
सोनाली

अमळनेर
१९ जुलै १९९७

चि. सोनालीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. लोटू येतोय हे खरं, पण तू हरून त्याला आणतेस हे मला आवडलं नाही. तू लहानपणी पत्त्यात हरलीस तरी पत्ते फाडायचीस.

जाऊ दे. जरा हसवते तुला. आमच्या शोभाने नागपुरात प्रताप केला. सासऱ्यांच्या वाढदिवसाला खापरावरचे मांडे करते म्हणाली. आपल्या खानदेशची शान दाखवायची होती बाईसाहेबांना! पुरण उत्तम, कणीक उत्तम, हातावर पोळी फिरवली तीही माझ्यासारखीच, आणि टाकली लोखंडी तव्यावर! ती फाटली, जळाली, पुरण चुलीत. मला फोन करून रडते, की आई तुझी कृती चुकली. मी म्हटलं, अगं बये, कृती बरोबर आहे, तुझा हातही बरोबर आहे, त्या सासरच्यांचा पण काही दोष नाही. माहेरून निघताना मांड्यांचं मातीचं खापर नेलंस का? ते माझ्या माळ्यावर पालथं पडलंय. नागपूरच्या घरात ते कुठून असणार? आता एसटीच्या कंडक्टरच्या हाती पाठवायचं म्हणजे फुटायची भीती.

कानबाईच्या नैवेद्याच्या रोटासाठी गहू दळून ठेवते. डोळे पुस. तुझ्यावर माझा फार जीव आहे.

आत्या

उधना
३ ऑगस्ट १९९७

ती. आत्यास,
साष्टांग, साष्टांग आणि वर आणखी एक साष्टांग!

तुझं पत्र डबा खाताना वाचत होते. खापराशी आले आणि डबा तसाच टाकून पळाले. अगं, मीसुद्धा शोभाताईच! टेपवरून मी प्रोग्राम तेवढा उतरवला होता. पण तो जुन्या घरात असताना जी भांडी वापरायचा, त्या लायब्रऱ्या, त्या वेगळ्या कप्प्यात असतात. त्या युनिक्सच्या म्हणून मी टेपवरच ठेवल्या. लिनक्सकडे स्वतःच्या आहेत, म्हटलं जुन्यांचं काय काम! दुभाष्या बिचारा बोलणं पोचवेल, पण माहेरचं खापर कुठून आणेल? त्या उतरवल्या, जिथल्या तिथे मांडल्या, आणि प्रोग्राम उघडला. आत्या, उघडला गं!

बाबांना आणि आईला रिक्षातून आणलं. पहिलाच काठ पडद्यावर आला, मोर आणि कोयरीचा. बाबा पुढे वाकले, डावा हात काचेला लावला आणि इतक्या महिन्यांनी बोलले. हाई ते मन्हं शे, म्हणाले, हे तर माझंच आहे, आपल्या अहिराणीत. आई तिथेच रडायला लागली. मग बाबांनी लगेच मला झापलं, की कोयरीचा हिरवा चुकलाय, पोपटी हवा. मी आयुष्यात कधी इतक्या आनंदाने बोलणी खाल्ली नाहीत.

शेठनी फोन फिरवला, नव्या माणसाला येऊ नको म्हणाले. आता बाबा रोज डबा घेऊन माझ्याआधी निघतात. डाव्या हाताने माउस धरून एक नवा काठ काढलाय. कोयरी जरा कलली, मी सरळ करायला गेले तर हातावर चापट मारली. त्याच काठाची साडी विणून घेऊन ते कानबाईला येतील. पण दोनच दिवस हं, परतीचं तिकीट काढलंय.

तुझ्या खिडकीपाशी खाट रिकामीच राहणार, हे मात्र मनाला लागून राहिलंय. माफ करशील ना?

तुझीच,
सोनाली

अमळनेर
१८ ऑगस्ट १९९७

चि. सोनालीस आशीर्वाद.

लोटू आला, दोन दिवस राहिला आणि दोन दिवस माझं डोकं खाल्लं. कानबाईच्या आरतीतही त्याचं रंगांचंच चाललं होतं. मी मनात म्हटलं, बोल बाबा, बोल. विसर्जनाला ती साडी नेसले. गल्लीतल्या बायकांनी विचारलं, की काठातली कोयरी वाकडी का. मी सांगितलं, माझ्या भावाने डाव्या हाताने काढली आहे, तुमच्या नवऱ्यांना उजव्याने काढायला सांगा.

तो गेल्यावर खोलीत गेले. गोधडी घडी केली आणि खाटेवर जरा बसले. खरं लिहू? यंत्राचा खडखडाट वगैरे सगळं खरं, पण मलाच एकटीला करमत नाही गं. म्हणून त्याला बोलवत होते.

तेव्हा ठरवलं आहे. गणपतीच्या आधी भुसावळ-सुरत पॅसेंजरने मीच येते, राहायला. तुझ्या आईला विचारून ठेव, तिची ना नसेल तर. मला गुजराती येत नाही, भाजीवालीकडे मलाही तूच ने. सामान थोडंच आहे. एक ट्रंक, तुझ्या बाबाची गोधडी, आणि मांडीवर धरून आणीन ते खापर. त्याला तुमच्या ओट्यावर तेवढी जागा करून ठेव.

येईपर्यंत असाच जीव लावा.

तुझी आत्या,
मंगला