दशक्रियेत दिलेल्या अभिप्रायामुळे खोली गेल्याबाबत

प्रति,
मा. समन्वय अधिकारी,
स्थलांतरित व गरजू कामगार मृदुकौशल्य वर्ग,
मंचर, ता. आंबेगाव, जि. पुणे

विषय : वर्गात शिकवल्याप्रमाणे वागल्याने गेलेली राहती खोली परत मिळणेबाबत व आदेश सरांचा योग्य तो बंदोबस्त होणेबाबत.
संदर्भ : पाठ चौथा, 'मोकळेपणाने अभिप्राय देणे'.

महोदय,

१) अर्जदार सावळाराम हा मूळचा परभणीकडचा. निमगाव सावा शिवारात गोरखशेठांच्या कांदाचाळीला लागून असलेल्या खोलीत तो पत्नी सरूबाईसह राहत होता व त्यांच्याच शेतात राबत होता. आपल्या वर्गात येण्याची त्यास हौस नव्हती. 'जा, जरा बोलायचं वळण लागंल,' म्हणून खुद्द गोरखशेठांनीच धाडले.

२) दर रविवारी पुण्याहून येणाऱ्या आदेश सरांनी शिकवले की, माणसाचे आधी एक चांगले सांगावे, मग दोष सांगून पुढच्या वेळी सुधारणा सुचवावी, शेवटी पुन्हा एक चांगले सांगावे आणि चेहरा सतत हसरा ठेवावा. हे चार माणसांत करून दाखवल्याशिवाय प्रमाणपत्र नाही. आता मजुराचे चार माणसांत ऐकतो कोण?

३) त्याच आठवड्यात गोरखशेठांचे वडील कै. गेणभाऊ ऊर्फ अण्णा यांची दशक्रिया आली. नदीकाठी पिंड मांडलेले, कावळ्याची वाट पाहणे चाललेले आणि इकडच्या रीतीप्रमाणे पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणे. पुढारी दमले तरी कावळा येईना, तेव्हा निवेदकांनी विचारले, 'मजूरवर्गातर्फे कुणी दोन शब्द बोलंल का?' अर्जदाराने माईक घेतला, चेहरा हसरा केला व पाठाबरहुकूम म्हणाला, 'गेणभाऊ लई कष्टाळू व्हते. फकस्त मजुरांच्या पोरांना हिरीवर पाणी पिऊ देत न्हवते. पुढच्या वेळी त्यांनी यात सुधारणा करावी. बाकी मिशी झकास.'

यातील एकही शब्द खोटा नव्हता, हे मंडपातल्या म्हाताऱ्यांनी नकळत डोलावलेल्या मानांवरून सिद्ध होते.

४) कावळा मग आलाच नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववावा लागला. 'तुझ्यामुळं अण्णा अडून बसले,' असे म्हणून गोरखशेठांनी दिवस मावळायच्या आत अर्जदाराची भांडी, अंथरूण व शेळी बांधावर ठेवली आणि खोलीला कुलूप लावले. सध्या उभयता मंचरला हायवेलगत ताडपत्रीखाली राहतात. 'तुमी गप बसला असता तर कुणी मुकं म्हणलं असतं का?' असे सरूबाईंचे म्हणणे असून, दर ट्रकमागे ते त्या पुन्हा एकदा म्हणतात.

५) अर्जदाराने आदेश सरांना फोन केला. सर हसले व म्हणाले, 'काका, बोललात झकास, फक्त ऑडियन्स चुकला. याकडे संधी म्हणून बघा.' महोदय, अर्जदाराने पाठ दुसऱ्याप्रमाणे दीर्घ श्वास घेतला आणि संधी म्हणून पाहिले. ती ताबडतोब दिसली.

६) अर्जदाराने गोरखशेठांना निरोप धाडला की, ते भाषण अर्जदाराचे नसून आदेश सरांनी शिकवलेले आहे, आणि सर कै. गेणभाऊंविषयी आणखीही मोकळेपणाने बोलायला तयार आहेत. त्यावर 'भेटू की मग सरांना,' एवढाच निरोप उलट आला. येत्या रविवारी गोरखशेठ दोन चुलते व पिकअपभर भाऊबंद घेऊन मंचरला येत आहेत. मंडळींना ऐकण्यापेक्षा अभिप्राय देण्यातच गोडी आहे, असे कळते.

तरी विनंती की, त्याआधी आदेश सरांनी स्वतः निमगाव सावा येथे जाऊन, शक्यतो न हसता, चूक आपली असल्याचे गोरखशेठांस सांगावे व अर्जदारास खोली परत मिळवून द्यावी. ते न जमल्यास रविवारी पुढची बाके मोकळी ठेवावीत.

वर्ग मंचरात नेमका कुठे भरतो, हे अर्जदाराने गोरखशेठांस अद्याप सांगितलेले नाही. ते रोज फोन करून विचारतात. समोरच्याला नाही कसे म्हणावे, हा पाठ आपल्याकडे अजून व्हायचा आहे.

आपल्या वर्गाचा ऋणी,
(सही)
सावळाराम
मु. ताडपत्री, हायवेलगत, मंचर
दि. १३ फेब्रुवारी २०२६, शुक्रवार