गिरणीवरची खोली आणि भुजंगप्रयात

चिंचवड, ता. ११ फेब्रुवारी १९५८

रा. रा. यशवंतराव यांस,

आबाजी मास्तरांचा, एका हाताने कान झाकून दुसऱ्या हाताने लिहिलेला सप्रेम नमस्कार. तळेगावची हवा तुम्हां सर्वांना मानवत असेलच, कारण तिथे हवा आहे. आमच्याकडे तिच्या जागी सकाळी शेगड्यांचा धूर, दुपारी मालमोटारींचा धुरळा आणि संध्याकाळी मिरची दळल्याचा खकाणा असतो.

परसातली खोली रिकामी होते आहे, गुरुवारपर्यंत कळवा, नाहीतर स्टेशनमास्तरांना देतो, असे तुम्ही लिहिलेत. आम्ही येतो, हे पक्के समजा. (तुमच्या ताईंना अजून सांगितलेले नाही. त्यांच्या कानांची तऱ्हा तुम्ही जाणताच. त्यांना काही सांगणे हा अर्ध्या दिवसाचा उद्योग असतो.)

मुंबई रस्त्याला कारखाने निघाल्यापासून हा बाजार ओळखू येत नाही. पूर्वी इथे बसून मी अख्खी कविता मनात घोळवी आणि मेथीची जुडी घरी न्यायला विसरे. आता समोरच्या हॉटेलचा कर्णा गातो, त्यावर मोटारींचे भोंगे, आणि आमच्या खोलीच्या जमिनीखाली सोनबाच्या पिठाच्या गिरणीचे इंजिन. हे इंजिन, यशवंतराव, भुजंगप्रयात वृत्तात चालते! पुकाफू पुकाफू पुकाफू पुका— आणि तिथेच अडखळते. चौथ्या गणाचे शेवटचे अक्षर गळते. चाळीस वर्षे मुलांची वृत्ते तपासलेल्या माणसाला यावर झोप कशी यावी? काल सकाळी खाली गेलो आणि सोनबाला दोष बोटांवर मोजून दाखवला.

"गण न्हाई मास्तर, वायसर गेलंय," तो म्हणाला. "पर वर बसून तुमाला कसं कळलं?"

मी लघुगुरू समजावू लागलो. ऐकता ऐकता त्याने कसलासा खिळा फिरवला. धुराड्याला मोठी शिंक आली आणि सालभराच्या काजळीने मी धोतरासकट माखलो.

"मास्तर, शिमगा म्होरं हाय की!" दारातली भाजीवाली अंबुबाई ओरडली. आंघोळीला तीन बादल्या लागल्या.

वायसर बदलल्यापासून वृत्त निर्दोष आहे, पण आवाज दुप्पट. तेव्हा खोली राखून ठेवा. आम्ही रविवारी सामानासह निघतो.

आपला,
आबाजी

ता. क. पत्र पाकिटात घालणार तोच इंजिन सुरू झाले. इतका शुद्ध ठेका वाया जाऊ देणे मला जमले नाही. लग्नाच्या वर्षी रचलेली माझी कविता त्यावर म्हणू लागलो, आणि स्वतःलाच ऐकू येईना म्हणून बेंबीच्या देठापासून म्हणू लागलो: "तुला पाहता चंद्र वाटे फिकासा". तुमच्या ताई हातात उलथने घेऊन बाहेर आल्या.

"अहो, ही कोण?"

"तूच!" मी ओरडलो.

"मग इतकी वर्षं पुटपुटत काय होतात? मला वाटायचं, रामरक्षा म्हणताय!"

खालून अंबुबाई म्हणाली, "बरं झालं बाई, सांगितलं एकदाचं!"

तळेगावचा विषय काढला, तर म्हणाल्या, "तिथल्या शांततेत तुम्ही परत पुटपुटाल. मी नाही येत." तेव्हा खोली स्टेशनमास्तरांना द्यावी.

ता. क. दुसरा. येणाऱ्याबरोबर पावशेर खडीसाखर आणि थोडे ज्येष्ठमध अवश्य पाठवावे. कवितेची अकरा कडवी राहिली आहेत, आणि गिरणी उद्या नऊला सुरू होते.