काळ्या मिशीची कैफियत

करवीर,
वैशाख वद्य तृतीया, मंगळवार

प्रिय कृष्णात,

तुझं सांत्वनाचं पत्र काल सकाळी पोचलं. माझे वडील गेल्याचं ऐकून तुला दोन दिवस घास उतरला नाही, हे त्यात वाचलं. आक्कानं ते मला मोठ्यानं वाचायला लावलं, आणि 'हंबीरराव म्हणजे देवमाणूस होते' या ओळीवर खुद्द हंबीरराव सोप्यातून खाकरले आणि म्हणाले, आक्का, ती वळ परत वाचाय सांग त्याला. कृष्णात, माझे वडील जिवंत आहेत. आज पहाटेसुद्धा पागेत जाऊन घोड्यांना खरारा करून आले. तुमच्या घरी जे कळलं ते खोटं आहे, आणि त्या खोट्याचं मूळ माझ्या नाकाखाली आहे. शुक्रवारी तुझ्या बहिणीची, चिमणाची, सुपारी मलकापूरच्या स्थळाशी फुटणार, असं तू लिहिलंयस. म्हणजे माझ्या हातात तीन दिवस राहिले. राग आला तरी हे शेवटपर्यंत वाच.

दौतीचं प्रकरण तुझ्या डोळ्यांदेखत झालं. गेल्या पावसाळ्यातल्या त्या लांबलेल्या तापानंतर माझ्या डाव्या कानशिलावरचे आणि मिशीच्या डाव्या टोकाचे केस पांढरे झाले, आणि वर्गात त्या इनामदाराच्या पोरानं 'ह्याला कोड उठलंय' म्हटल्यावर मी भरली दौत त्याच्या अंगावर रिकामी केली. मास्तर माफी माग म्हणाले. मी पुस्तकं काखेत मारून बाहेर पडलो ते कायमचा. त्या दिवसापासून वडील माझ्याशी बोलत नाहीत. मी समोर उभा असलो तरी ते आक्काला सांगतात आणि ती मला सांगते. साठीला आलेली त्यांची थोरली बहीण आमच्या दोघांत दुभाष्याचं काम करते.

मग तुझं कार्ड आलं. केरबाकाका सोमवारी मुलगा बघायला येतायत, पसंत पडला तर नारळ तिथंच देणार. तेवढं पांढरं झाकता आलं तर बघ, काकांना कोडाची फार धास्ती. तुला दोष देत नाही. पण तुझ्या बापामागं तुमच्या घरात शब्द चालतो तो काकांचाच, हे मला ठाऊक होतं, आणि चिमणा त्या शब्दाच्या पलीकडं बसलीय हेही. दहा दिवसांपूर्वी, शनिवारी, मी शेजारच्या ताजबीचाचीकडं गेलो. नबीलालचाचांची दाढी तीच रंगवते. तिनं मला मेंदी दिली, केस काळे करणारी वसम्याची पूड दिली, आणि दोनदा बजावलं की आधी मेंदी लाव, ती धू, मग वसमा नुसता घटकाभर. तुजं केस मुळात तांबूस, जास्त ठेवशील तर काळंठिक्कर हुतील, मग मला बोल लावू नगंस. मला कुठला दम. दोन्ही एकत्र कालवलं, डोक्याला आणि मिशीला थापलं, आणि जितका जास्त वेळ तितकं पक्कं असं मनाशी ठरवून दुपारपासून दिवेलागणीपर्यंत बसून राहिलो.

धुतल्यावर आरशात जो दिसला त्याला मी ओळखलं नाही. केस कोळशासारखे, वर निळी झाक, कपाळावर आणि कानाच्या पाळीवर डाग. आक्का म्हणाली, आरं, तव्याच्या बुडाला त्वांड घासलंस व्हय. रविवार सगळा ते काळं उतरवण्यात गेला. रिठ्यानं धुतलं, शिकेकाईनं धुतलं, आंबट ताक लावून उन्हात बसलो, लिंबं चोळली. काही हलेना. शेवटी आक्काची नजर चुकवून धुण्याचा सोडा चोळला. ओठावरची कातडी सोलली, बाकीचं काळं तसंच राहिलं, आणि जिथं पांढरं होतं नेमकं तिथं शेवाळासारखं हिरवं चढलं. जे झाकायचं होतं तेवढंच उठून दिसायला लागलं.

त्या सोमवारी सकाळी न्हाव्याकडं गेलो. त्यानं डोकं केलं. मिशीलाही लाव वस्तरा म्हटलं तर त्यानं धोपटी गुंडाळली. तुजा बा तिकडं घोडा चोळतोय आणि मी तुज्या मिशीला वस्तरा लावू? गल्लीत ऱ्हायाचं हाय मला. महिनाभर दम धर म्हणाला, वाढंल तशी कातरू. महिना कुठला, काका दोन घटकांत येणार होते. घरी आलो. तुळतुळीत डोकं आणि त्याखाली ती हिरवी-काळी मिशी, शिमग्यातल्या सोंगासारखं. बाप असताना मिशी उतरवत नाहीत हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. त्या क्षणी मला फक्त ते हिरवं दिसत होतं. वडिलांचाच वस्तरा घेतला आणि दारात उजेडाला बसून साफ केली.

आक्का पाण्याची घागर घेऊन आली, तिनं मला पाहिलं, घागर टाकली आणि उंबऱ्यात बसून जो हंबरडा फोडला तो चार गल्ल्यांत गेला असेल. नेमकी त्याच वेळी एक गाडी कोपऱ्यावर थांबली, हे ताजबीचाचीनं पाहिलं. बैलांच्या शिंगांना गोंडे होते. आतल्या पागोटेवाल्या माणसानं हंबीररावांच्या दाराकडं बघितलं, नारळाच्या ताटावर उपरणं ओढलं आणि गाडी फिरवली. दुःखाच्या दारात शुभाची गोष्ट काढायची नाही म्हणून काका परत गेले. चांगुलपणानंच गेले, कृष्णात, म्हणून तर मला कुणावर चिडताही येत नाही. आम्ही मात्र संध्याकाळपर्यंत पुरणपोळ्या झाकून बसलो होतो. वडील आले, माझं तोंड पाहिलं, स्वतःच्या मिशीवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाले, आक्का, माजं ताट वाढू नगंस. मेल्याली माणसं जेवत न्हाईत.

काल तुझं पत्र वाचून मी तसाच मुरगूडला यायला निघालो. कागलच्या रस्त्याला दोन मैल गेलो नसेन, एका गाडीवानानं बैल थांबवून विचारलं, कोण गेलं, पावणं? तेव्हा कळलं की मी तुमच्या दारात उभा राहून कितीही शपथा घेतल्या तरी माझं तोंडच उलटी साक्ष देणार. माघारी फिरलो. थेट पागेत गेलो आणि वडिलांचे पाय धरले. तिथं आक्का नव्हती, म्हणून ते घोडीशी बोलले. सांग ह्याला, मी जित्ता हाय एवढं जाऊन दावीन. पर ह्याचं गुण मी गाणार न्हाय. आन पांढरं केस लपवून कुणाची लेक घरात आणायची न्हाय. काय केलं ते पहिल्यापास्नं ह्यानं लिवावं.

म्हणून हे लिहिलं. उद्या पहाटे ते घोडीवरून निघतील. आक्काकडून लोणी मागून मिशीला पीळही देऊन झालाय. हे पत्र तुझ्या हातात देणारे तेच. त्यांना पाणी दे, काकांच्या शेजारी बसव आणि मग हे काकांना वाचून दाखव, एक ओळ न गाळता. माझी मिशी आता फुटतेय आणि डाव्या टोकाला पहिला केस पांढराच आलाय. तो कोडाचा नाही, तापाचा आहे. काकांनी वैद्याला दाखवावा. एवढं ऐकूनही नको म्हणाले तर मी पुन्हा तोंड दाखवणार नाही. फक्त, दिवाळीत मी तुमच्याकडं आलो होतो, काका गूळ घेऊन पेठेत गेले होते, तेव्हा हे पांढरं बघून चिमणा तुझ्या आईला हळूच म्हणाली होती, चांगलं दिसतंय की, चांदीची तार ववल्यागत. त्या एका वाक्यावर मी सहा महिने काढले, आणि त्यालाच वसमा फासला. तेव्हा वाचताना माजघराच्या दाराशी उभा राहा, आणि ही शेवटची ओळ जरा मोठ्यानं वाच: मी ते पुन्हा रंगवणार नाही.

तुझाच,
बाळासो