किनाऱ्याच्या रस्त्याने तीन मुद्दे

९ ऑक्टोबर, बुधवार

बायकोला दुसऱ्या गावच्या इस्पितळातून बोलावणं आलंय. एक्स-रे विभागाची प्रमुख म्हणून. मंगळवारपर्यंत हो की नाही ते कळवायचंय. गावाचं नाव तिने सांगितलं होतं, पण त्या वेळी मी मुद्दा मांडत होतो.

घाबरायचं कारण नाही. ड्रायक्लीनरच्या दुकानावरच्या खोलीत वक्तृत्वाचा क्लास चालवतो मी. विमा विकणारे, निवडणुकीला उभे राहणारे, आभार मानताना घामाघूम होणारे, सगळ्यांना बोलतं केलंय. एका माणसाकडून ‘नाही’ वदवून घ्यायचंय. तेही स्वतःच्या बायकोकडून.

शिवाय तिच्याकडे युक्तिवाद नाहीच. दिवसभर ती चार वाक्यं बोलते. श्वास घ्या, रोखा, हलू नका, सोडा. काचेपलीकडच्या पेशंटला ऐकू गेलं नाही तर हात उभा करते, म्हणजे रोखा. हात खाली, म्हणजे सोडा. भाषण म्हणून फारच तोकडं.

सोमवारी सुटी. शनिवारी डोंगर, रविवारी किनाऱ्याचा रस्ता. किनाऱ्याची कल्पना तिची! म्हणजे तिच्याही मनात रोमान्स आहे. अर्धी लढाई इथेच जिंकली.

संकल्प: आवाज चढवायचा नाही. मुद्दे तीनच. घर, सवय, मी. शेवटचा सर्वांत भक्कम, म्हणून शेवटी.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

मेहुण्याच्या गॅरेजमधून गाडी आणली. भावोजी, क्लच नाजूक आहे, म्हणाला, पायाने दाबा, मतांनी नको. वर म्हणतो, आणि ताईलाही मधेमधे बोलू द्या हं. हसून सोडून दिलं. ज्याला हाताला ग्रीस लावून घ्यायची हौस, त्याला संवादाचं शास्त्र काय कळणार.

नवे बूट घेतले. दोन दिवस घरात घालून फिर, असं बायको म्हणाली. बूट माणसाला घडवत नाहीत, माणूस बुटाला घडवतो, असं मी म्हणालो. वाक्य चांगलं जमलं. क्लासमध्ये वापरायचं.

१२ ऑक्टोबर, शनिवार, सकाळ

डोंगराचा पायथा. हवा स्वच्छ, आवाज मोकळा. बायको फ्लास्कमधून चहा ओततेय. गप्प आहे. श्रोता तयार आहे.

दुपार, माथा

अक्षर वाकडं येतंय. चढामुळे.

पहिला मुद्दा चढता चढता मांडला. आयुष्यातलं सर्वोत्तम भाषण. घर म्हणजे भिंती नव्हेत, इथून सुरुवात केली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत नेलं. एकदाही तिने तोडलं नाही. एरवी निदान ‘हं’ म्हणते, आज तेही नाही. भारावली असणार. माथ्यावर पोचता पोचता शेवटच्या वाक्यावर आलो, हात पसरले, वळलो.

मागे कोणी नव्हतं.

पुढे मात्र एक निवृत्त जोडपं सँडविच खात बसलं होतं. आजोबांनी विचारलं, बाकीचा ग्रुप कुठाय? मी म्हणालो, ग्रुप नाही. आजी म्हणाल्या, बराच वेळ आवाज येतोय, आम्हाला वाटलं सहल आहे. आजोबांनी सँडविचचा तुकडा पुढे केला. घेतला. खिडकीचा भाग आवडला का, असं विचारणार होतो. पण आजी माझ्याकडे पेशंटकडे बघावं तसं बघत होत्या.

खाली जातो. दरड, साप, तोल जाणं, काय काय मनात येतंय.

संध्याकाळ, लॉज

बायको सुखरूप आहे. दुसऱ्या वळणावर एका दगडावर बसून संत्रं सोलत होती. म्हणाली, पहिल्या वळणावर बुटाची नाडी सुटली, थांब म्हटलं, तू थांबला नाहीस. मग दुसऱ्या वळणावर बसलेच. म्हटलं बघू तरी, कधी वळून बघतोस.

मी सांगितलं, वक्त्याने श्रोत्यांकडे पाठ केली तरी विश्वास अढळ असावा लागतो. ती म्हणाली, संत्रं खा.

दोन्ही टाचा सोलल्यात. बुटाने मला घडवलं. तिनेच पट्ट्या लावल्या. लावताना विचारलं, तुला समुद्राशेजारी राहायला आवडेल का रे? म्हटलं, हा आजच्या विषयाशी संबंधित प्रश्न नाही. तिने उरलेल्या पट्ट्या डबीत ठेवल्या आणि डबीचं झाकण बराच वेळ दाबून धरलं.

एकूण दिवस आपल्या बाजूने. पहिला मुद्दा उद्या थोडक्यात पुन्हा.

१३ ऑक्टोबर, रविवार, सकाळ

निघालो. फोनमधली रस्ता सांगणारी बाई बंद करून टाकली. समोर समुद्र असताना डावीकडे वळा म्हणायला माणूस कशाला हवा. बायको म्हणाली, ती निदान विचारते कुठे जायचंय म्हणून.

टोमणा असावा. नसावाही.

दुपार, दीपगृह

सगळं लिहून काढतो. डोकं शांत होईल.

दुसरा मुद्दा, सवय. तिला सकाळी खिडकीजवळची खुर्ची लागते. माझ्या घोरण्याशिवाय तिला झोप लागत नाही. (ती म्हणाली, लागते.) ओघ चांगला चालला होता. वाटेत एक गाव आलं. होड्या, जाळी, चढावर चार मजली पांढरी इमारत, पुढे गच्ची, समोर पाणी. बायको म्हणाली, थांबव ना जरा. म्हटलं, पुढे दीपगृहावरून यापेक्षा भव्य दिसतं. ती म्हणाली, फक्त पाच मिनिटं, माझ्यासाठी. तिने सीटचा पट्टासुद्धा सोडला होता. मी समजावलं, उत्कर्षबिंदूच्या आधी थांबणं हा वक्तृत्वातला सर्वांत मोठा गुन्हा आहे.

ती मान वळवून मागच्या काचेतून बघत राहिली, इमारत दिसेनाशी होईपर्यंत. मग पट्टा लावला.

दीपगृह दुरुस्तीसाठी बंद. बाहेर इतकं धुकं की समुद्र फक्त ऐकू येतोय.

तरीही तिसरा मुद्दा काढला. कठड्याजवळ उभे होतो. म्हटलं, आणि सर्वांत शेवटी, मी.

पुढचं आठवेना.

असं कधी झालेलं नाही. भर पावसात, माइक बंद पडलेला असताना बोललोय मी. आज ‘मी’ म्हणालो आणि पुढे काहीच नाही. पुन्हा म्हटलं, मी. ती थांबली होती. खरंच थांबली होती, केस तोंडावर येत होते तरी बाजूला करत नव्हती. तिसऱ्यांदा म्हटलं, मी, म्हणजे बघ.

केस बाजूला करत ती म्हणाली, हं. चल, गार वाजतंय.

संध्याकाळ

क्लच गेला. मतांनी दाबला गेला असेल. रस्त्याकडेच्या खानावळीच्या वर खोली मिळाली. मेहुणा सकाळी येतोय. बायको आडवी झाली आहे, डोळे मिटून. झोपलेली नाही. मी घोरत नाहीये ना अजून.

मुद्दा आठवतोय. म्हणजे आठवेल. मी घरात असतो. नाही, हे कमकुवत. मी तिच्याशिवाय. हेही नाही, हा माझा फायदा झाला, तिचा काय? तिला माझ्यापासून काय? एक तरी गोष्ट हवी. दुसऱ्यांसाठी मी मिनिटात दहा काढून देतो.

१४ ऑक्टोबर, सोमवार

मेहुणा आला. आमची गाडी दोराने मागे बांधली. टाचांमुळे मला पेडल दाबता येईना, म्हणून मागच्या गाडीत स्टीअरिंगवर त्याचा मेकॅनिक आणि पुढे मेहुण्याच्या गाडीत आम्ही तिघं.

ते पांढऱ्या इमारतीचं गाव पुन्हा आलं. मेहुण्याने आरशात बघत विचारलं, काय मग ताई, दाखवलंस का भावोजींना तुझं इस्पितळ?

म्हटलं, कोणतं इस्पितळ?

मेहुण्याने ताईकडे बघितलं. मग भलताच गिअर टाकला.

बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली, तुला ते दाखवायचं होतं. मग तुझं तोंड बघायचं होतं. हसलास तर विचारणार होते, तूही येशील का. क्लास काय, इथेही चालेल. इथल्या माणसांनाही बोलायचं असतंच की.

म्हटलं, मग शनिवारीच सरळ विचारायचं होतंस! ती म्हणाली, विचारलं होतं. पट्ट्या लावताना.

म्हटलं, आता विचार. आत्ता. मी हो म्हणतो.

ती म्हणाली, आता तू मुद्दा जिंकायला हो म्हणशील.

मेहुणा म्हणाला, ताई, पाणी देऊ का? आणि बाटली मला दिली.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी तिने इस्पितळाला फोन केला. तीन वाक्यं बोलली. पहिलं ‘हो’.

जागा बघून येते, म्हणाली. मोठी बॅग घेतली. जागा बघायला जाताना मोठी बॅग लागतेच. खुर्चीवरची उशीही घेतली. बसप्रवासात पाठ धरते.

तिच्या मागून स्टँडवर टाचा ओढत पोचलो. वाटेत तिसरा मुद्दा सापडला. एकदम, लख्ख. बस सुरू झाली होती, ती आत बसली होती, काच जाड, न उघडणारी. मी खालून बोलायला लागलो. सगळं बोललो. दगडावरचं संत्रं, पट्ट्यांची डबी, तू थांबली होतीस आणि मला दिसलं होतं की तू थांबली आहेस. एकही अलंकार नाही. तिच्या मागच्या सीटवरचा गृहस्थ मान डोलावत होता. त्याला काय ऐकू येत होतं देव जाणे.

तिने कानाकडे बोट दाखवून मान हलवली. ऐकू येत नाही.

मग हात उभा केला. तळहात काचेला टेकवून.

रोखा.

मी श्वास रोखला. हललो नाही. इतकी वर्षं ती काय बोलते ते आज पहिल्यांदा नीट ऐकलं. बस मागे आली, वळली, फाटकातून बाहेर पडली, हात तसाच होता.

खाली करायचं तिच्या लक्षात राहिलं नसावं.